सायकलचा काही दोष नव्हता

सीट वर, सीट खाली

पाऊस संपला त्या महिन्यात माझ्या वहीत एक नोंद आहे : 'वजन ६१ वरून ५७. छान.' तिच्याखाली, 'पाठ दुखते. सीट अर्धा इंच खाली.' पुढच्या आठवड्यात, 'संध्याकाळी कसकस. पाणी कमी पडतंय?' मग 'सीट पुन्हा वर, हँडल जवळ.' आणि दिवाळीनंतर, 'वजन ५५. छान.'

म्हणजे माझा आजार माझ्याच अक्षरात, आठवड्यावार, नीट लिहून ठेवलेला होता. फक्त मी तो सायकलच्या पानावर लिहिला होता.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. रत्नागिरीजवळच्या एका शाळेचं कार्यालय सांभाळते. माझा नवरा सुधीर आंबा बागायतदार, घर सड्याच्या पायथ्याशी. मुलगी मुक्ता शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिची गिअरची सायकल पडवीत पडून होती. विकायची म्हणून मी ती धुतली, आणि द्यायच्या आधी एक फेरी मारून बघू म्हणून चढले. त्याला आता सात वर्षं झाली. सायकल विकायची राहून गेली.

सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जांभ्या दगडाचं उघडं पठार, लांबवर पसरलेलं, मध्येच गवत, मध्येच चिरेखाणीचे खड्डे. त्याच्यावरून जुन्या पायवाटा जातात आणि खाली वाड्यांकडे उतरताना त्यांच्या पाणंदी होतात : दोन्ही अंगांना दगडी कुंपणाचे गडगे आणि मधून बैल जाईल एवढी वाट. रविवारी सकाळी मी आणि आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी यास्मिन, दोघी त्या वाटांवर सायकली घालायचो. चढावर दम लागायचा, उतारावर दात वाजायचे, कातळावर आलं की समोर समुद्राची पट्टी दिसायची. त्याआधी मी आयुष्यात कुठलीच गोष्ट विनाकारण केली नव्हती. ही एक केली.

डिसेंबरात उजवा पाय पेडलवरून सटकायला लागला. मी नवीन पेडलं मागवली. नव्या पेडलांवरूनही पाय सटकला तेव्हा यास्मिननं भर सड्यावर सायकल आडवी टाकली.

"पेडलं दोनदा खराब निघत नाहीत, मेधा. टाचांवर चालून दाखव."

"इथे?"

"मग काय शाळेत, प्रार्थनेच्या वेळी?"

डाव्या टाचेवर चालता आलं. उजव्या टाचेवर नाही.

अकरा प्रश्न

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी एमआरआयसाठी कोल्हापूरला पाठवलं. आंबा घाट मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून चढले. खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते, आणि मला वळणं पाठीनं मोजता येत होती.

एमआरआयची नळी, मग पाठीत सुई घालून काढलेला नमुना, मग निकालाची वाट. त्या दिवसांत मी प्रश्नांची यादी केली. अकरा प्रश्न झाले. निकालाच्या दिवशी डॉक्टर आले, तरुण होते, खुर्ची ओढून बसले. जे डॉक्टर खुर्ची ओढून बसतात त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, हे मी तोवर शिकले होते.

"मणक्याचा टीबी आहे," ते म्हणाले. "दोन मणके पोखरलेत. मज्जारज्जूवर दाब येतोय, म्हणून पाय."

मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खरंच वाचली. पहिला प्रश्न, घरच्यांना होईल का. माझा हाडातला आहे, फुप्फुसात काही नाही, त्यामुळे माझ्यापासून पसरणार नाही. तरी घरच्यांची तपासणी करून घ्या. दुसरा, बरा होतो का. होतो, औषधं वर्षभर, कदाचित जास्त, एकही दिवस न चुकवता. तिसरा, ऑपरेशन. आत्ता नाही, पायातली ताकद आणखी गेली तर लगेच. सातव्या प्रश्नाशी ते थांबले.

"सायकल कधी?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ताई, बसायचं कधी ते आधी ठरवू. तीन महिने सपाट. उठणं नाही, बसणं नाही, कुशीवर वळायचं तेही दोघांनी मिळून वळवायचं."

"सायकलमुळे झालं का हे?"

"सायकलनं टीबी होत नाही. पण दुखणं तुम्ही सायकलच्या नावावर खपवत राहिलात. त्यात चार महिने गेले."

सुधीर खिडकीशी उभा होता. मला तेव्हा वाटलं, घाबरलाय. घाबरला होताच. पण तो मनात दुसरंच काहीतरी जुळवत होता.

घरोघरी असतो तो गॅप

दहा दिवसांनी रुग्णवाहिकेतून घरी निघालो. घाट उतरल्यावर सुधीर म्हणाला, "घरी काय सांगायचं?"

"काय म्हणजे?"

"मणक्यात गॅप म्हणू."

"गॅपच का?"

"घरोघरी एकाला तरी असतो. कोणी पुढे विचारत नाही." मग थोडं थांबून, "मुक्ताचं लग्न व्हायचंय, मेधा. आणि दोन महिन्यांत आंबा काढायला माणसं लागतील. टीबी म्हटलं तर आपल्या ओट्यावर पाणी तरी पितील का?"

मी हो म्हणाले. दमले होते हे खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगणार नाही. मलाही तो शब्द शाळेत जायला नको होता.

अडचण अशी झाली की गॅपला कारण लागतं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "अचानक कसा गॅप?" आणि सुधीर सहज बोलून गेला, "सायकलवरून आपटली." मी आत पडल्या पडल्या ऐकलं. मी आयुष्यात त्या सायकलवरून एकदाच पडले होते, तेही उभ्या उभ्या, करवंदीच्या जाळीत.

आठवड्याभरात सायकलवर खटला चालला आणि निकालही लागला. भेटायला येणारे माझी चौकशी करायचे आणि तिला शिव्या घालायचे. शेवंताकाकी पाणंदीच्या वरच्या टोकाला राहतात. त्या म्हणाल्या, "या वयात बाईमाणसानं सड्यावर उंडारू नये ते याच्यासाठीच." सुधीरनं सायकल पॅकिंगच्या शेडच्या माळ्यावर चढवली. शाळेतल्या दोन शिक्षिका आमच्याबरोबर सुरुवात करणार होत्या, त्यांच्या घरून नकार आला. आणि यास्मिन एका रविवारी सकाळी आली, सायकलिंगच्या वेळेला, पण रिक्षानं.

"अन्वर म्हणतो, मेधाबाईंचं बघ, आडव्या झाल्या. पुरे तुमचं." ती पलंगाच्या कडेला बसली. "त्याला काय सांगू? टीबी सांगू का नको?"

"नको," मी म्हणाले.

"मग माझा रविवार पण गेला," ती म्हणाली. रागानं नाही. नोंद केल्यासारखं म्हणाली.

आरशातली पाणंद

उताणं पडलेल्या माणसाचा दिवस कसा जातो हे ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहिते. सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या. मग तासभर मळमळ. मग दात घासणं, मान वळवून, वाडग्यात. नऊ वाजता पहिलं वळवणं : सुधीर खांद्याशी, मदतीला घरात आलेली सुरेखा कमरेशी, "एक, दोन, तीन" म्हणून दोघं मला ओंडक्यासारखं अलगद, एकसंध कुशीवर करायची. दर तीन तासांनी हेच. पाठ पिळली तर पाय जाईल अशी भीती डॉक्टरांनी घातली होती आणि ती उपयोगी भीती होती.

मी वहीत पायाच्या बोटांचं कोष्टक केलं. रोज सकाळी उजव्या पायाची बोटं किती हलतात, ते सुरेखा बघून सांगायची आणि मी उताणी, वही तोंडावर धरून लिहायचे. दोन. दोन. एक. ज्या दिवशी 'एक' आलं त्या दिवशी मी दुपारपर्यंत कोणाशी बोलले नाही. ऑपरेशनसाठी भरून ठेवलेली पिशवी कुठे आहे ते मात्र सुधीरला सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन.

रडले का? हो. पण उताणं रडलं की पाणी कानात जातं आणि ते पुसायलाही कोणालातरी हाक मारावी लागते. त्यामुळे फार रडणं होत नाही.

पलंगावरून छत दिसायचं आणि खिडकीतून विजेची तार. पाणंद खिडकीखालूनच जाते, पण मला फक्त ऐकू यायची : गुरांच्या घंटा, शाळेतल्या मुलांच्या चपला. तिसऱ्या आठवड्यात यास्मिननं स्वतःच्या सायकलच्या हँडलचा गोल आरसा काढून आणला आणि पलंगाच्या दांडीला आवळून बसवला. दहा मिनिटं ती तो इकडून तिकडे फिरवत होती.

"आता?"

"आता आंब्याचं खोड."

"आता?"

"थांब. गडगा दिसतोय. वाट दिसतेय."

तळहाताएवढ्या आरशात, उलटी, पण दिसत होती. त्यानंतरचे दोन महिने मी त्या आरशात राहिले असं म्हटलं तरी चालेल.

सुरेखाबद्दल सांगायला हवं. ती आमच्या बागेत काम करते. या दिवसांत सुधीरनं तिला घरात बोलावलं. तिलाही गॅपच सांगितला होता. माझी औषधं आरोग्य केंद्रातून मिळायची, पण आमच्या वाडीतली आशाताई ती घेऊन दारात येऊ नये म्हणून सुधीर स्वतः जाऊन आणायचा आणि वेष्टनं फेकून गोळ्या एका जुन्या डब्यात भरायचा. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. सुरेखा रोज भांडं रिकामं करायची आणि काही विचारायची नाही. एकदा मीच म्हणाले, "बीट खातेय ना, म्हणून."

सुरेखानं भांडं खाली ठेवलं. "वयनी, माझ्या आईला सा म्हयने लाल व्हायचा. मला बीट नका सांगू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी गॅप म्हणालात. घरच्यांनी गॅप म्हटला की गॅप." तिनं चादर सारखी केली. "पन ती बिचारी सायकल काय करील त्याला?"

त्यानंतर सुधीरला मी तीनदा सांगितलं की हे पुरे, आता खरं सांगू या. तिन्ही वेळा तो म्हणाला, "आंबा संपू दे."

गाऱ्हाणं

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे घरोघरी येते. पाणंदीतून वर चढते, प्रत्येक ओट्यावर बसते, घरातली बाई ओटी भरते आणि ज्याचं जे दुखणं असेल ते मानकरी देवीपुढे गाऱ्हाणं घालून सांगतात. माझा नववा आठवडा चालू होता. मला ओटी भरता येणार नव्हती, म्हणून आदल्या दिवशी चौघांनी पलंगासकट मला ओट्यावर आणलं.

ढोल पाणंदीत शिरले तेव्हा मी आरशात पाहिलं. पालखी येताना दिसली, छोटी, उलटी, गडग्यांना घासत. गेल्या पावसात गवत आणि काटेरी फांद्या इतक्या माजल्या होत्या की भोई एकामागे एक, तिरके होऊन चढत होते.

पालखी बसली. ओटा, अंगण, पायऱ्या माणसांनी भरल्या. विठोबादादा आमचे मानकरी. सुधीर त्यांच्या कानाशी लागला आणि दादांनी नारळ हातात धरून सुरुवात केली :

"हे आई माऊली, ह्या घरची लेक-सून सायकलवरनं पडली, मणक्यान गॅप पडला..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"...तिला तू उभी कर. ती उभी ऱ्हायली तर परत म्हणून त्या सायकलीवर पाय ठेवणार नाय, असा तिचा घरधनी तुला शबूद देतोय..."

"थांबा, दादा," मी म्हणाले.

गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोलत नाही. ढोलवाल्याचा हात ढोलावरच राहिला. मी उताणी होते, मला लोकांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त ओट्याचं छत आणि दादांची हनुवटी. कदाचित म्हणूनच जमलं.

"मी सायकलवरून पडले नाही. मला मणक्याचा टीबी आहे. माझ्यापासून कोणाला होत नाही, घरातल्या सगळ्यांची तपासणी झालीय. सायकलचा काही दोष नाही."

"मेधा," सुधीर म्हणाला.

"अहो, नवस माझ्या पायाचा आहे. तो मी बोलते."

कोणीतरी पायरीवरून मागे सरकल्याचा आवाज आला. मग विठोबादादा घसा खाकरून म्हणाले, "बरा झाला आधीच बोललीस. देवीला पत्ताच चुकीचा दिलेला. ती गॅप शोधीत बसली असती." अंगणात कोणीतरी हसलं आणि मग थोडे आणखी हसले. "मग नवस काय बोलू? बिननवसाचा गाऱ्हाना बरा दिसत नाय."

माझ्याकडे यादी तयार नव्हती. आरशात पाणंद दिसत होती.

"उभी राहिले तर पुढच्या शिमग्याआधी पालखीची वाट मी साफ करीन. वरच्या टोकापासून देवळापर्यंत. आणि सायकल मला चढता आली तर मी चढेन."

दादांनी नारळ पुन्हा वर धरला आणि पहिल्यापासून सगळं नव्यानं घातलं, टीबीसकट. "व्हय म्हाराजा" या वेळी जरा पातळ आलं, पण आलं.

त्यानंतरचं

सुधीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वळवायला यायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळ्यांसमोर मला खोटा पाडलंस."

"हो," मी म्हणाले. "घरात तीनदा सांगून झालं होतं."

तो पलंगाशी बसून राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू उठणारच नाहीस. कोणावर तरी ढकलायला हवं होतं. सायकल बोलत नाही, म्हणून."

त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. आंबा काढायला दोघे जण आले नाहीत; का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एक नातेवाईक बाई अजूनही आमच्याकडे चहा घेत नाहीत. उष्ण पडतो म्हणतात. बाकीचे येत राहिले. आशाताई दारातून गोळ्या घेऊन यायला लागली आणि मळमळीवर रात्री भिजवलेल्या मनुका सांगून गेली. मला त्यांचा उपयोग झाला नाही, पण तिच्या येण्याचा झाला. शेवंताकाकी आठवड्याभरानं मागच्या दारानं आल्या, पदर तोंडाशी धरून. त्यांच्या सुनेचीही पाठ दिवाळीपासून दुखत होती आणि त्यांनीही सगळ्यांना गॅप सांगितला होता. मी डॉक्टरांचं नाव, काय तपासायचं, रिकाम्या पोटी जायचं का, सगळं लिहून दिलं. त्या कोल्हापूरला जाऊन आल्या. सुनेला खरोखरच गॅप निघाला. काकी म्हणाल्या, "बरा झाला गो. आता खऱ्यानं सांगता येईल."

बाराव्या आठवड्यात कमरेला पट्टा बांधून मला बसवलं. बसल्यावर खोली फिरली आणि मी सुधीरच्या शर्टावर उलटी केली. पंधराव्या आठवड्यात उभी राहिले. तेव्हा बाहेर आंब्याच्या पेट्या भरणं चालू होतं आणि सुरेखा पेंढ्यानं भरलेले हात घेऊन बघायला आली. पावसाळाभर मी पडवीत चालले, भिंतीला धरून, मग काठी घेऊन, मग नुसतीच. बोटांचं कोष्टक पाचपर्यंत आलं. उजव्या पायाचा अंगठा अजून आळशी आहे. डॉक्टर म्हणतात, तो तसाच राहील. त्याला मी यादीतून काढलं.

सातवा प्रश्न

पुढच्या शिमग्याच्या आधी कोल्हापूरची तपासणी होती. मी जुनीच यादी नेली. डॉक्टर सातव्या प्रश्नाशी आले आणि हसले. "सपाटीवर चालेल. दणके नाहीत. उतार आला की उतरायचं आणि चालायचं. कडेकपारी विसरा."

विसरणं काही जमलेलं नाही. सड्यावरून पाणंदीत सुटताना पोटात जो खड्डा पडायचा, तो आता मला मिळणार नाही, आणि हे लिहितानाही त्याचं वाईट वाटतं. ज्यांना असं काही सोडावं लागलंय त्यांना मी "सवय होते" असं सांगणार नाही.

नवस फेडायचा तर कोयती चालवायला हवी, आणि वाकायला मला मनाई. म्हणून माणसांची यादी केली : कोणी कुठल्या गडग्यापासून कुठल्या गडग्यापर्यंत. एकवीस नावं झाली. सगळ्यात लांबचा, काट्यांचा तुकडा सुधीरनं स्वतःकडे मागून घेतला. यास्मिन अन्वरला घेऊन आली; त्याच्या हातात कोयती होती आणि चेहऱ्यावर माझ्याशी काय बोलावं हा प्रश्न. मी त्याला शेवंताकाकींच्या बाजूचा कोपरा दिला, तिथे बोलण्याचं काम त्याच करतात.

दहाच्या सुमाराला सुधीर शेडकडे गेला आणि माळ्यावरून सायकल घेऊन आला. पुसलेली होती. हवा भरलेली होती. पाना हातात.

"सीट किती?" त्यानं विचारलं.

"अर्धा इंच खाली. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

त्यानं सीट खाली केली, हात ठेवून हलवून बघितली, आणि बाजूला झाला. धरू का, असं विचारलं नाही. मी चढले. पाणंदीचा सड्याकडचा भाग सपाट आहे, साधारण शंभर पावलं, कापलेल्या गवताचा हिरवा वास येत होता. मी चालण्याच्या वेगानं गेले. उजवा पाय एकदा सटकला, पुन्हा ठेवला. पुढे सुरेखा फांद्या ओढत होती, ती ओरडली, "बाजूला व्हा, देवीच्या आधी वयनी येतायत."

उतार आला तिथे मी उतरले आणि सायकल हातात धरून देवळापर्यंत चालत गेले.

त्या दिवशीची नोंद : 'पाणंद साफ. सायकल शंभर पावलं, बाकी चालत. गोळ्या घेतल्या. वजन ५९. छान.'